आक्का टेकते तोवर

त्या गल्लीत कुणी नवीन फाटक बसवलं की शेजारीपाजारी रंग विचारत नसत, नक्षी विचारत नसत. एकच विचारत, "आक्का टेकल्या का याला?"

आक्का म्हणजे वेल्डरची थोरली बहीण. अंगानं भरभक्कम, आणि मन अंगाहून मोठं. यजमान गेल्यापासून त्या धाकट्या भावाकडेच राहत. खाली दुकान, मागे अंगण, वर दोन खोल्या, असा त्यांचा संसार. दुकानाची एक रीत होती. फाटक असो, खिडकीची जाळी असो की जिन्याचा कठडा असो, काम तयार झालं की ते अंगणातल्या दोन खांबांना बोल्टांनी आवळायचं आणि वर हाक मारायची. मग आक्का हात पुसत खाली यायच्या, कामाकडे पाठ करून उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि सगळा देह त्या लोखंडावर सोडून द्यायच्या. अगदी पायातल्या चपला सुटून पडेपर्यंत. तशा अवस्थेत देवाचं एक अख्खं कडवं म्हणायच्या. कडवं संपेस्तोवर लोखंडानं 'कुर्र' केलं नाही तर "चालेल," म्हणून चपला शोधायच्या. ही रीत वडिलांनी घालून दिलेली. आधी ते वाळूचं पोतं टाकून बघत. एकदा पोतं फाटलं, गिऱ्हाईक दारात उभं, म्हणून म्हणाले, "पोरी, जरा टेक बघू." पोतं पुन्हा कुणी शिवलंच नाही.

वेल्डरचं वय आता नातवंडं खेळवायचं. भुवया ठिणग्यांनी जळून जळून उगवायच्या थांबलेल्या. पण आक्का त्याला अजून 'बाळ' म्हणत, आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. आक्का हीच त्याची कसोटी, हमी आणि पाटी होती.

या गोष्टीत मात्र अडचणीत होत्या खुद्द आक्का.

गल्लीच्या टोकाला वरच्या मजल्यावर प्रार्थनाघर होतं. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं एक बुवा येऊन प्रवचन सांगत. नुसतं सांगत नसत, गाऊन सांगत. चार वाक्यं बोलायची, पाचवं सुरात उचलायचं, मधे एखादी हसवणारी गोष्ट, आणि गोष्ट ऐन रंगात आली की तिथंच तोडून पुन्हा गाणं. ऐकणारा जागा सोडेल तर शपथ. आक्कांना त्या प्रवचनाचं वेड. पण प्रार्थनाघराचा जिना उभा आणि उघडा, धरायला काही नाही, आणि गेल्या थंडीपासून आक्कांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. त्या खालच्या पायरीवर बसून ऐकत. पण गाणं उंच, ते खिडकीतून खाली यायचं, आणि बोलणं हळू, ते वरच राहायचं. म्हणजे दर गुरुवारी आक्कांना गाणी सगळी मिळत आणि गोष्ट एकही नाही. वर माणसं खदखदून हसली की त्या खाली एकट्याच विचारत, "काय झालं? अरे, काय म्हणाले?" रस्त्यावरचं कुत्रं तेवढं त्यांच्याकडे बघे.

"बाळ," एके दिवशी त्या म्हणाल्या, "ती एक गोष्ट आहे ना, राजा आपल्याच दारावर भीक मागायला येतो ती. तीन गुरुवार मला तिचा शेवट कळेना झालाय."

"कुणाला तरी विचार की."

"विचारलं. प्रत्येकजण वेगळाच सांगतो. सगळे झोपतात रे वर."

वेल्डरनं त्याच दिवशी प्रार्थनाघराच्या व्यवस्थापकाला गाठून सांगून टाकलं, "जिन्याला कठडा मी करतो. माझ्याकडून. येत्या गुरुवारच्या आत लागला म्हणून समजा." व्यवस्थापकांनी हात जोडले आणि लगेच विचारलं, "आक्का टेकतील ना त्याला?"

"टेकतील म्हणजे? त्याच धरून चढणार आहेत."

आता या वेल्डरच्या सामानाची हकीकत ऐकावी अशी होती.

मशीन वडिलांच्या काळचं, भलं थोरलं, खाली चाकं, वर निळा रंग. वेल्डर ते रोज सकाळी तेलाच्या फडक्यानं पुसायचा, मग हात जोडायचा, मग चहा प्यायचा. मशीनची बडदास्त अशी. पण मशीनच्या पुढे जे काही होतं त्याची दशा विचारू नका. रॉड धरायचा होल्डर घ्या. त्याचे जबडे झिजून इतके ढिले झाले होते की रॉड त्यात कवळीतल्या दातासारखा हलायचा, म्हणून वरून तार आवळलेली. ढिल्या जबड्यामुळे मूठ तापायची, म्हणून तिला जुन्या चादरीची चिंधी गुंडाळलेली. चिंधी धुमसायची, म्हणून जवळ पाण्याचा मग, आणि अधूनमधून चिंधी त्यात बुडवायची.

"अहो, विजेच्या वस्तूला ओली चिंधी!" बायको वरच्या खिडकीतून ओरडायची.

"काही होत नाही. जरा झिणझिण्या येतात. सांधे मोकळे होतात त्यानं."

"मग वन्संचे गुडघे धरा त्याला!"

कामाच्या लोखंडाला उलटी तार जोडतात, तिच्या चिमट्याची स्प्रिंग कधीच गेली होती. वेल्डर तारेचं टोक लोखंडावर नुसतं ठेवायचा आणि त्यावर शेजारच्या शिंप्याची मोडकी इस्त्री वजन म्हणून ठेवायचा. इस्त्री सरकली की काम बंद. केबलला इतक्या ठिकाणी चिकटपट्टी होती की मूळची केबल कुठे आहे ते शोधावं लागे. तोंडावरच्या ढालीची काच तडकलेली. तिच्या एकाच कोपऱ्यातून नीट दिसे, म्हणून वेल्डर मान उजवीकडे कलती करून काम करायचा. ती मान आता जेवतानाही तशीच राही. नवखा माणूस त्याच्याशी बोलायला लागला की आपोआप तोही मान वाकडी करायचा.

आणि दोष? दोष सगळ्या जगात होता, सामानात सोडून. टाका नीट बसला नाही की रॉड दमट. मग ते बायकोच्या तव्यावर ओळीनं भाजायला ठेवायचे. रॉड भाजूनही जमलं नाही की वीज कमी. वीज ठीक निघाली की हल्लीचं लोखंडच बेइमान.

"नवा होल्डर न्या की," सामानवाला त्याला दुकानावरून जाताना म्हणायचा. सामानवाल्याचं दुकान चौकात होतं आणि त्याला या होल्डरकडे बघवत नसे. "केबल न्या, चिमटा न्या, काच तरी न्या. किती दिवस ओढणार?"

"चालतंय की."

"चालत नाही हो, तुम्ही चालवताय."

"हे बघा," वेल्डर वाकड्या मानेनं सांगायचा, "सामान बदलायची वेळ कधी येते, ते मला माझ्या वडिलांनी शिकवलंय. काम आक्काच्या पाठीला टिकत नाही, त्या दिवशी सामान बदलायचं. आजवर एक काम परत आलंय? एक? आक्का टेकते आणि 'चालेल' म्हणते तोवर सामान उत्तम आहे."

आक्का टेकत होत्या, हे तर खरंच होतं.

फक्त कुणी नीट बघितलं असतं तर एक लक्षात आलं असतं. हल्ली आक्का अख्खं कडवं म्हणत नसत. एक ओळ, तीही घाईघाईनं, आणि "चालेल." आणि चपला पायातच.

बुधवारी कठड्याचा पहिला तुकडा तयार झाला. दिवसभर दुकानातून जो आवाज येत होता तो ऐकून वर आक्का अस्वस्थ झाल्या होत्या. गाण्याचा कान होता त्यांचा. वडिलांच्या वेळचा वेल्डिंगचा आवाज त्यांना पाठ होता, कढईत काहीतरी संथ तळत राहावं तसा, एकसारखा, न तुटणारा. हल्लीचा आवाज म्हणजे फट्, फट्, मग गप्प, मग वेल्डरची शिवी, मग इस्त्री सरकवल्याची खडखड, मग पुन्हा फट्.

"ढास लागल्यासारखं करतंय गं ते," त्या भावजयीला म्हणाल्या.

"मग सांगा ना त्यांना, वन्सं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

आक्का पदराला हात पुसू लागल्या. खालून हाक आली, "आक्का! ये गं!"

अंगणात कठडा खांबांना आवळून तयार होता. वरून ग्राइंडर मारून सांधे गुळगुळीत केलेले, वर चकाकता काळा रंग. दिसायला नवरदेवासारखा देखणा. बायको खिडकीत आली. शिंपी कुंपणापलीकडून डोकावला, कारण त्याला त्याची इस्त्री मधूनमधून बघून यायची सवय होती. वेल्डर मान वाकडी करून कौतुकानं उभा.

"तुझाच कठडा आहे. टेक निवांत."

आक्का पाठ करून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. हलकेच टेकल्या. ओठ हलले. "चाले..."

आणि नेमका त्याच वेळी मशीनच्या निळ्या डब्यातून त्याचा भाडेकरू बाहेर पडला. उंदीर. चांगला पोसलेला, बिऱ्हाड करून राहिलेला. मशीन दिवसभर तापलेलं, आत उकडत असावं. तो वारा खायला निघाला तो सरळ आक्कांच्या पायावरून.

आक्का देवाला भीत, माणसांना भीत नसत. उंदराची गोष्ट मात्र वेगळी होती. त्या "अगं आई गं!" म्हणून मागे रेलल्या, आणि या वेळी हलक्या नव्हे, सगळ्याच्या सगळ्या रेलल्या. एक चप्पल शिंप्याच्या अंगणात गेली. कठडा म्हणाला 'टक्क', मग दुसऱ्या सांध्यातून 'टक्क', आणि नवरदेव मधोमध मोडून आक्कांसह जमिनीवर बसला.



"लागलं का, वन्सं?" बायको जिन्यावरून धावली.

"मला नाही गं. लोखंडाला लागलं."

वेल्डर तुटलेल्या सांध्याकडे बघत होता. मग त्यानं बोट उगारलं. "उंदीर! उंदरामुळे झालं हे!"

"उंदरानं ढकललं का कठड्याला?" शिंपी म्हणाला.

"तुम्ही इस्त्री बघा तुमची!" पण आवाजात दम नव्हता. त्यानं वाकून सांधा उचलला आणि उजेडाकडे धरला. वरून गुळगुळीत, आत काळा कचरा आणि बुडबुड्यांची भोकं. लोखंडाला लोखंड भेटलंच नव्हतं. दोन पाहुण्यांची दारातच तोंडओळख व्हावी आणि दोघेही परत फिरावेत, तसलं काम. त्यानं हातोडी घेतली आणि तिसरा सांधा ठोकला. तोही सुटला. चौथा ठोकायचं धाडस झालं नाही.

"पण... तू आताच 'चालेल' म्हणालीस," तो आक्कांना म्हणाला.

आक्का अजून जमिनीवरच होत्या. उठायला त्यांना धरायला काहीतरी हवं होतं आणि धरायचं तेच मोडलं होतं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "म्हणाले खरी."

"म्हणजे?"

"म्हणजे... मी हल्ली पुरती टेकत नाही रे बाळ."

शिंपी कुंपणावर आणखी पुढे वाकला.

"पहिल्यांदा एका जाळीनं 'कुर्र' केलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू इतका आनंदात होतास, चहा मागत होतास. मला सांगवेना. वडील गेल्यापासून तुझ्या तोंडावर ते हसू मी मोजकंच बघितलंय. म्हटलं, एवढी जाळी जाऊ दे, पुढच्या वेळी सांगीन. पुढच्या वेळी जरा हलकी टेकले. मग सवयच लागली. पोटऱ्या भरून येतात रे, अर्धं वजन पायावर धरून ठेवायचं म्हणजे! गुडघे उगाच नाही गेले माझे."

"कधीपासून?"

"तू होल्डरला माझ्या चादरीची चिंधी गुंडाळलीस ना, त्या दिवसापासून."

वेल्डरनं डोळे मिटले. त्या दिवसापासूनची सगळी कामं त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून जायला लागली. शिंप्याची गॅलरी. वळणावरच्या गुरुजींचं फाटक. दाईंच्या दवाखान्याच्या खिडकीची जाळी, जिला बायका वाट बघताना डोकं टेकतात.

"आणि उद्या? उद्या तू या कठड्याला धरून वर चढणार होतीस?"

"मी काय, देवाचं नाव घेत हलक्या हातानं चढले असते."

"आणि तुझ्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्या? त्या पुरत्या टेकल्या असत्या तर?"

याचा आक्कांनी विचारच केला नव्हता. माया करणाऱ्या माणसाचं असंच होतं, समोरचं एक तोंड उतरू नये म्हणून जपताना मागची रांग दिसत नाही. त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा," त्या एवढंच म्हणाल्या, आणि भावानं दोन्ही हात देऊन त्यांना उठवलं.

मग वेल्डर चौकात गेला. सामानवाल्यासमोर त्यानं होल्डर, चिमट्याचा सांगाडा, पट्ट्यांची केबल आणि तडकलेली काच, असं सगळं मांडलं. सामानवाला उभा राहिला, जसं कुणाच्या अंत्ययात्रेला उभं राहावं.

"सगळं बदलायचं?"

"सगळं. मशीन आणावं लागेल का हो नवं?"

सामानवाला स्वतः दुकान बंद करून आला, मशीन उघडलं, उंदराचं अंथरूण बाहेर काढलं (त्यात आक्कांच्या चादरीच्या चिंध्याही निघाल्या), आतल्या गुंडाळ्या बघितल्या, सैल जोड आवळले आणि म्हणाला, "हे अजून तुम्हाला पुरून उरेल. याच्यात दोष नव्हताच. तुम्ही इतकी वर्षं राजाला पुसत बसलात, पण त्याच्या निरोप्याचे पाय मोडलेत ते बघितलंच नाही. होल्डर तापायला लागला की समजायचं, बदलायचा. चिंधी गुंडाळायची वेळ आली म्हणजे वेळ होऊन गेली."

"वडिलांनी आक्काचं सांगितलं होतं."

"वडिलांना काय माहीत, ही बाई तुमच्यावर इतका जीव टाकते!"

नवा होल्डर हातात आला. जबडा असा घट्ट की रॉड घालताना जोर लावावा लागला. नवा चिमटा लोखंडाला चावून बसला. नवी काच स्वच्छ. वेल्डरनं ढाल घातली, सवयीनं मान उजवीकडे वाकडी केली, सवयीनं पाण्याचा मग जवळ ओढला, सवयीनं इस्त्री उचलून चिमट्यावर ठेवली आणि ठिणगी पाडली.

पाइपाला एका क्षणात रुपयाएवढं भोक पडलं.

"सामान खराब आहे!" तो ओरडला. "नवं आहे म्हणून काय झालं? हल्लीचं काहीच..."

वरून आक्कांचा आवाज आला. "बाळ! आवाज सुधारला रे! पण एवढा ओरडतोय कशाला? दोन पट्ट्या खाली घे!"

वेल्डरनं मशीनकडे बघितलं. जुन्या ढिल्या होल्डरमधून आणि त्या चिकटपट्ट्यांमधून करंट पुढे पोचावा म्हणून त्यानं मशीनवरचं जोर कमीजास्त करायचं चाक कधीचंच शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं होतं, आणि आता वाटेत काही सांडत नव्हतं. सगळंच्या सगळं पोचत होतं. जन्मभर बहिऱ्याशी बोलणाऱ्या माणसानं शहाण्या पाहुण्याच्या कानात किंचाळावं, तसं झालं होतं. त्यानं चाक मागे फिरवलं. थोडं. अजून थोडं. इस्त्री बाजूला ठेवली. पाण्याचा मग तिथंच जमिनीवर ओतून टाकला. मान सरळ करायला मात्र वेळ लागला. ती 'कट्' वाजली आणि बायकोनं वरून विचारलं, "आता काय मोडलं?"

मग दुकानातून तो आवाज आला. संथ, एकसारखा, न तुटणारा.

आक्का खिडकीत येऊन डोळे मिटून उभ्या राहिल्या. बायको म्हणाली, त्यांनी हातानं तालही धरला होता.

गुरुवारी सकाळी गल्लीनं एक मिरवणूक पाहिली, जी पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते. पुढे आक्का. मागे हातगाडीवर मशीन ढकलत वेल्डर. त्यामागे इस्त्री परत मिळाल्यामुळे खूश झालेला शिंपी. चिंधीच्या दिवसापासून दुकानातून जे जे बाहेर पडलं होतं, त्या सगळ्याला आक्का टेकणार होत्या. पुरत्या.

शिंप्याची गॅलरी टिकली. दाईंच्या जाळीची एक बाजू सुटली. दाई म्हणाल्या, "बरं झालं, माझ्या बायकांऐवजी तुम्ही टेकलात," आणि तिथल्या तिथं ती पुन्हा जोडली गेली. मग गुरुजींचं घर आलं. गुरुजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. आक्का नमस्कार करून फाटकाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कडवं सुरू केलं, चपला सुटल्या, आणि दुसऱ्या ओळीला फाटक आक्कांसह आत आलं.

"अहो, कडी काढली असती मी!" गुरुजी उठून उभे राहिले. "घंटी तरी वाजवायची!"

"गुरुजी, हे फाटक कच्चं होतं," वेल्डर हात जोडून म्हणाला. "माझीच चूक. आता पक्कं करून देतो."

"पण आक्का टेकल्या होत्या ना याला?"

"तेव्हा नव्हते टेकले," आक्का जमिनीवरून म्हणाल्या. "आज टेकले."

गुरुजींनी आत जाऊन सर्वांसाठी पाणी आणलं. दुपारपर्यंत आक्का तीन ठिकाणी पडल्या, बाकी सगळीकडे टिकल्या. शेवटी शेवटी तर त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. जिथं कधी वेल्डरचं काम नव्हतंच, अशा एका दारालाही त्या टेकून बघू लागल्या, तेव्हा भावानं त्यांना हाताला धरून पुढे नेलं.

जुना होल्डर बायकोनं स्वयंपाकघरात ठेवून घेतला, गरम भांडं उचलायचा चिमटा म्हणून. पहिल्याच दिवशी त्याच्या जबड्यातून दुधाचं पातेलं निसटलं. मग तिनं तो दोरीवर कपडे अडकवायला लावला. वाऱ्यानं मोजा उडून गेला. तेव्हा कुठे वेल्डर म्हणाला, "गेलाय गं तो." इतकं उघड त्याच्याबद्दल तो आधी कधी बोलला नव्हता.

त्याच गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या जिन्याला कठडा लागला होता. नवे सांधे, रंग अजून पुरता न वाळलेला. जिन्याखाली म्हाताऱ्या माणसांची रांग लागली. कुणाकुणाला वर्षभरात वर जाता आलं नव्हतं. पण पाय कुणी ठेवेना. सगळ्यांनी वाट सोडून दिली आणि आक्कांकडे बघितलं.

आक्कांनी भावाकडे बघितलं. "बाळ, तू म्हणशील तर हलकीच..."

"आक्का," वेल्डर म्हणाला, "पुरती टेक. मोडला तर उद्या पुन्हा करीन. पण खोटं टेकू नको."

त्यानं कठड्याचं खालचं टोक तळहातानं धरलं आणि तसाच उभा राहिला.

आक्कांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कठड्यावर हात ठेवला. मग दुसरा. आणि मग सगळा भार, गुडघ्यांचा, वर्षांचा, इतके दिवस पायांवर झेलून धरलेल्या त्या अर्ध्या वजनाचा सगळा भार, त्यांनी लोखंडावर सोडला. वेल्डरला तो तळहातात कळला. पाइपातून खाली आलेला, आक्कांचा अख्खा, खराखुरा भार. कठडा थरथरला नाही. त्यानं 'कुर्र' केलं नाही. जिन्याच्या मधोमध आक्का थांबल्या, मागे वळल्या, पाठ टेकली आणि डोळे मिटून एक अख्खं कडवं म्हणाल्या. एक चप्पल घसरत खाली आली. कुणी हसलं नाही, कारण सगळे त्या कडव्यात मनातल्या मनात सामील होते.

"चालेल," आक्का म्हणाल्या.

मग रांग हलली. तळव्यांना काळा रंग लावून घेत एकेक म्हातारं माणूस वर चढू लागलं, आणि वेल्डर खालच्या पायरीवर बसला. आक्कांची ती दर गुरुवारची जागा. वर गाणं सुरू झालं. खिडकीतून सूर खाली आला, मग थांबला, आणि बुवांचं हळू बोलणं वरच राहिलं. मग एकदम खदखदून हसू. त्या हसण्यात आक्कांचं हसू वेगळं ऐकू येत होतं.

वेल्डरनं मान वर करून बघितलं, सरळ मानेनं. शेजारी कुत्रं होतं. त्यानं कुत्र्याला विचारलं, "काय झालं रे? काय म्हणाले?"

वरच्या खिडकीतून आक्का बाहेर वाकल्या. "बाळ! खाली बसून काय करतोस? राजा दारावर आलाय! वर ये, आणि येताना माझी चप्पल आण!"

वेल्डर उठला, चप्पल उचलली, आणि कठड्याला धरून, चांगला भार टाकून, वर चढला.